शुक्रवारचा की शनिवारचा?

आम्ही आता राहतो त्या गावात दर शुक्रवारी संध्याकाळी भोंगा वाजतो. शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा वार, लागतोय, दिवे लावा, असं सांगणारा. इस्राएलच्या दक्षिणेकडचं हे गाव, भोवती सगळी पिवळी माती. नवीन आले तेव्हा पहिल्यांदा तो भोंगा ऐकून मला वाटलं, कारखान्याची शिफ्ट सुटली, आता माणसं डबे घेऊन बाहेर पडतील. कोणी बाहेर पडलं नाही. उलट जे बाहेर होते तेच भराभर घरात गेले.

आता त्याची सवय झाली. पण अजूनही तो वाजला की मनात येतंच, त्या शुक्रवारी भिवंडीत असा एक भोंगा असता, तर मी खोटं बोलले नसते.

मी चौथी शिकलेली बाई. रेवदंड्याच्या बाजूला माझं माहेर. आईला पाचवं मूल झालं आणि माझी पाटी-पिशवी खुंटीला गेली, ती गेलीच. लग्न होऊन भिवंडीला आले. माझे मिस्टर लूमच्या कारखान्यात जॉबर होते. लूम अडला, धागा तुटायला लागला की आवाजावरून ओळखायचे काय बिघडलंय. कारखाना खाली आणि आमची खोली वर. मालक म्हणजे कोकणी मुसलमान घराणं, पिढ्यान्‌पिढ्यांचं भिवंडीकर. त्या घरातल्या मोठ्या बाईंना सगळी गल्ली खाला म्हणायची, मीही म्हणायची. त्यांची आणि माझी गॅलरी लागून होती. आमचं बेने इस्राएल ज्यूंचं त्या भागात तेवढं एकच घर. आपलं प्रार्थनामंदिर ठाण्याला, कबरस्तानही तिकडेच. त्यामुळे घरात धर्माचं जे काही चालायचं ते सगळं मिस्टरांच्या भरवशावर. सण कधी, उपास कधी, शनिवारी शब्बाथ सुटायला लागणारे तीन तारे दिसले का, हे बघायला ते गच्चीवर जायचे. मी विचारायची, "लावू का गॅस?" ते वरून ओरडायचे, "थांब जरा, दोनच दिसतात." मला कधी स्वतः मोजायची वेळच आली नाही.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या जानेवारीत मिस्टर गेले. जेवून उठले, हात धुतले, आणि छातीला हात लावून तिथंच बसले. सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसण्यात गेले, ते मला फारसे आठवत नाहीत. मग तिसाव्या दिवसाची प्रार्थना करायची होती. मुलगा राहनाळला गोदामात सुपरवायझर, त्याला ट्रक आणि माल यातून डोकं वर काढता येत नव्हतं. त्यानं मला विचारलं, "आई, तिसावा कधी येतो गं?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं आणि दिवस सांगितला. माणसं जमली, प्रार्थना झाली. निघताना ठाण्याच्या एक म्हाताऱ्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाय, तिसावा काल झाला. दफनाचा दिवस पहिला धरतात." त्यांनी मायेनंच सांगितलं. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि त्यानंतर अकराव्या दिवशी माझे दीर गेले. लग्न न केलेले, आमच्यातच राहायचे. भावामागे घरात कद्दिश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणणारे ते. सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते उठलेच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मी मात्र मनाशी एकच धरून बसले. मी दिवस चुकवला म्हणून. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. पण त्या दिवसापासून मी कॅलेंडरकडे बघायचंच टाळायची.

सुनेला तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. तिचे वडील ठाण्याहून तिला न्यायला आले, पिशवीसुद्धा भरलेली होती. तिनं पिशवी उघडून कपडे परत कपाटात लावले. "मी आईंना सोडून येणार नाही," म्हणाली. एवढंच. मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी होते.

मे महिन्यात, शुक्रवारी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. धामणकर नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर एक लहानसं नर्सिंग होम होतं, तिथं नेलं. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात, त्यामुळे खाला मोकळ्या होत्या. बुरखा अडकवून माझ्या आधी रिक्षात जाऊन बसल्या. मुलगा राहनाळहून निघाला होता, पण नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. संध्याकाळी वीज गेली. तेव्हा भिवंडीत वीज जाण्याचं कोणाला काही वाटत नसे. नर्सनं आत इमर्जन्सी दिवा नेला. बाहेरच्या बोळात आम्ही दोघी. बोळाला खिडकी होती, पण खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. आकाश म्हणून दिसत नव्हतं.

आत सून ओरडायला लागली आणि माझं सगळं अवसान गेलं. आपली 'शेमा' ही प्रार्थना म्हणताना डोळ्यांवर हात धरतात. मला पहिली ओळ तेवढी पाठ. मी बाकावर बसून डोळे गच्च झाकले आणि तीच ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. किती वेळ, देव जाणे. मग बाळाचा आवाज आला. नर्स दार उघडून म्हणाली, "आजी, मुलगा!" मी डोळे उघडले तर समोर दिव्याचा पांढरा झोत. मला दुसरं काही दिसलंच नाही.

हे सगळं बारीक सांगतेय, कारण पुढं सगळं त्यावरच आलं.

मुलाची मिला, म्हणजे सुन्ता, आठव्या दिवशी करतात. आपला दिवस सूर्य मावळला की बदलतो, हे मला माहीत होतं. शुक्रवारी सूर्य असताना जन्मला तर शुक्रवारचा, मावळून अंधार पडल्यावर जन्मला तर शनिवारचा. पण पोर हातात आल्यावर हे कोणाच्या डोक्यात येतं? त्याचं नाक त्याच्या आजोबांचं होतं. मी नाकच बघत बसले.

शनिवारी शब्बाथ सुटल्यावर मुलानं मोबाइलवरून मुंबईच्या मोहेलना फोन लावला. मिला करणारे ते. वयानं सत्तरीचे, मिस्टरांना चांगले ओळखायचे. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मुलगा म्हणाला, "नर्सिंग होमच्या कागदावर सात वाजता लिहिलंय."

"डॉक्टर लोक सातच लिहितात. पावणेसातला झालं तरी सात आणि सव्वासातला झालं तरी सात. तिथं होतं कोण?"

"आई होती."

"मग आईला दे."

त्यानं मोबाइल माझ्या कानाला लावला.

"वहिनी, मुबारक असो. बाळ-बाळंतीण ठीक? बरं. आता मला एवढंच सांगा, बाळ झालं तेव्हा दिवस होता की सूर्य गेला होता?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. पण समोर मुलगा उभा, पलंगावर सून, तिच्या उशाशी तिचे वडील. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. तिसाव्याच्या वेळी असेच बघत होते. पुन्हा एकदा या बाईला काही माहीत नाही, असं मला होऊ द्यायचं नव्हतं.

"दिवस होता," मी म्हटलं. "चांगला उजेड होता."

"नक्की ना?"

"नक्की."

"मग शुक्रवार. मी सकाळी दहापर्यंत पोचतो. माणसं जमवा."

मुलानं लगेच फोन करायला सुरुवात केली. शुक्रवार म्हणजे मुंबई-ठाण्याचा कामाचा दिवस. प्रार्थनेला दहा पुरुष तर हवेत. कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी शाळेत. "अर्धा दिवस रजा टाका ना काका," अशी तो गयावया करत होता. सात जण कबूल झाले. व्याही म्हणाले, "उरलेले मी आणतो, चिंता नको." आणि माझ्याकडे वळून, "बरं झालं तुम्ही लक्ष ठेवून होतात. एरवी अशा वेळी कोणाला भान असतं?"

मी मान हलवली. काय करणार!

बुधवारी दुपारी खाला डिंकाचे लाडू घेऊन आल्या. आपल्यात त्यांच्याकडचं मटण चालत नाही हे त्यांना ठाऊक, म्हणून गोडाचंच आणायच्या. तूपसुद्धा नवीन भांड्यात कढवलेलं. बाळाला मांडीवर घेऊन त्याच्याशी बोलायला लागल्या.

"काय रं लबाडा, नमाजसुद्धा धड पढू दिली न्हाय मना."

सून हसून म्हणाली, "यानं काय केलं तुमचं, खाला?"

"अगो, बांग झाली, मी तिथंच मोरीत वुजू केला, चादर टाकली, उभी राहिली. पयली रकात झाली, दुसरीला वाकली, अन् ह्याचा आवाज! आता नमाज तोडता येते का? जीव तं सगला दाराकडं. काय पढली, कशी पढली, अल्लालाच ठाव. सलाम फिरवला नि धावली. तं तुझी सासू बसली हाय, हात डोल्यांवर, पोर झाला तरी तिचं आपलं चालूच!"

सून खळखळून हसली. घरात चार-पाच महिन्यांनी कोणी हसत होतं. आणि मला मात्र कानात नुसतं वारं शिरल्यासारखं झालं.

मगरिबची बांग. ती सूर्य मावळल्यावरच होते, भिवंडीत राहून हे कोणाला सांगावं लागत नाही. इतकी वर्षं मी ती ऐकली की शुक्रवारी वाती विझल्या नाहीत ना, हे बघायला उठायची. बांग झाली, मग वुजूचं हात-पाय धुणं, मग नमाजेच्या दीड फेऱ्या, म्हणजे दीड रकात, तेव्हा बाळाचा आवाज. म्हणजे सूर्य गेला होता. खालांनी ऐकलेली ती बांग मी ऐकलीसुद्धा नव्हती.

त्या गेल्यावर मी गॅलरीत जाऊन बोटांवर मोजलं. शुक्रवार धरून आठवा शुक्रवार. शनिवार धरला तर येणारा शुक्रवार सातवाच. आणि मिस्टरांनी एकदा कोणाच्या तरी मिलाहून येताना सांगितलेलं आठवलं, आठव्याच्या आधी केली तर ती मिलाच नव्हे, नुसती जखम. त्या लेकराला माझ्या खोट्यापायी नुसती जखम होणार होती.

तरी मी त्या दिवशी गप्प बसले. हेही लिहायला हवं. व्याह्यांनी जमवलेली माणसं, मुलानं केलेल्या विनवण्या, खालांच्या घरून एलियाहू हन्नाबीसाठी आणलेली शिसवी खुर्ची. मिलाच्या वेळी एक खुर्ची त्या प्रेषिताची म्हणून मांडतात. ती पुसून, तिच्यावर पांढरं कापड घालून कोपऱ्यात ठेवली होती. मी ये-जा करताना तिच्याकडे पाठ करून जात होते.

गुरुवारी सकाळी मुलगा कामावर गेला, सून अंघोळीला गेली, तशी मी वहीतून मोहेलांचा नंबर कागदावर उतरवला. "भाजी आणते," म्हणून ओरडले आणि धामणकर नाक्यावर जाऊन एका पीसीओत शिरले. घरातून फोन करायची हिंमत नव्हती. मला वाटलं होतं, काचेच्या आत हळूच बोलून मोकळी होईन. तर त्या पीसीओचं दारच लागत नव्हतं. बाहेर ट्रक, टेम्पो, शेअर रिक्षावाल्यांच्या हाका. आणि मोहेलना ऐकू कमी.

"कोण?"

मी सांगितलं कोण.

"मोठ्यानं बोला, वहिनी! काही ऐकू येत नाही!"

"मी त्या दिवशी उजेड होता म्हणाले ना..."

"काय होता?"

"उजेड! मला माहीत नव्हतं! मी खोटं बोलले!"

शेवटचं वाक्य मी जीव तोडून ओरडले. मागे दोन माणसं फोनसाठी उभी होती, ती चपापून माझ्याकडे बघायला लागली. पीसीओवाला म्हणाला, "अम्मा, आराम से." माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण आता ओरडायला सुरुवात केलीच होती, तर सगळंच ओरडून टाकलं. डोळे झाकल्याचं, बांगेचं, वुजूचं, दुसऱ्या रकातीचं. आणि कसं कोण जाणे, पाठोपाठ तिसाव्याचंही तोंडातून गेलं. मी एक दिवस चुकवला आणि दीर गेले, आता या बाळाचाही चुकवतेय.

"वहिनी," ते म्हणाले. आता आवाज खाली आला होता, पण स्पष्ट होता. "तिसावा चुकवल्यानं माणसं मरायला लागली असती, तर आपल्या जमातीत एक माणूस उरला नसता. माझ्या वडलांचा मी स्वतः चुकवलाय. आणि तेव्हा मी हजान होतो, मंदिरात प्रार्थना चालवणारा."

मी रडतारडता हसले की काय झालं कळलं नाही.

"आता मला नीट सांगा. तुमच्या शेजारीणबाई भरवशाच्या आहेत?"

"माझ्याहून जास्त."

"त्यांनी बांग ऐकून मग नमाज सुरू केली?"

"हो."

"आणि नमाज संपवून आल्या तेव्हा बाहेर पुरता अंधार होता, तारे होते, असं काही म्हणाल्या?"

"तसं नाही म्हणाल्या. तिथून आकाशच दिसत नव्हतं."

"म्हणजे सूर्य गेलेला, पण रात्र झाली होती का, ते सांगता येत नाही. ना धड शुक्रवार, ना धड शनिवार." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते. "संशय आहे. शुक्रवारी केली तर कदाचित सातवा. शनिवारी केली तर कदाचित नववा, आणि नवव्यासाठी शब्बाथ मोडता येत नाही. रविवारी करायची. त्यात कमीपणा काही नाही, कायदाच तसा आहे. तुमचा नातू अशा वेळेला आलाय की त्याच्यासाठी कायद्यात वेगळं पान आहे."

"आणि उशीर झाला म्हणून काही..."

"उशीर नाही झालेला. त्याचा दिवसच तो आहे. आणि वहिनी, मला फोन केलात हे फार बरं केलंत. रविवारी मला गरम चहा द्या, साखर जास्त."

मी बाहेर आले तर भाजी घ्यायची विसरले. पुन्हा मागे जाऊन मेथी घेतली.

घरी सांगणं त्याहून कठीण होतं. मुलगा संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला चहाही पिऊ दिला नाही, आधी सांगितलं. तो भडकला. "आई, सात माणसांनी साहेबाला खोटी कारणं सांगून रजा घेतल्यात! आता मी त्यांना काय सांगू? माझी आई डोळे झाकून बसली होती?"

"तेच सांग," मी म्हटलं.

"तुला माहीत नव्हतं तर तेव्हाच माहीत नाही म्हणायला काय झालं होतं?"

मी ओट्याला धरून उभी राहिले. तेवढ्यात सून आतून म्हणाली, "ओरडू नका हो. झोपलंय ते." मग बाळाला घेऊन दारात आली. "मला तर बरंच झालं. उद्याच्या विचारानं मला कालपासून झोप नाही. आणखी दोन दिवस ते जसं आहे तसं राहील." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मी आत होते ना, तेव्हा मला तुमचा आवाज येत होता. ती ओळ. मी त्याच्यावर श्वास घेत होते. तुम्ही खिडकीतून सूर्य बघत बसला असतात, तर माझं काय झालं असतं?"

मुलगा फोन घेऊन गॅलरीत गेला. पहिला फोन सासऱ्यांना लावला. "बाबा, दिवस बदललाय," असं तो म्हणाला, आणि कारण विचारल्यावर म्हणाला, "आमच्या घरी सगळ्यांना विचारून नीट ठरवलं." तेवढ्यावरून मला त्याचा राग गेल्याचं कळलं.

रविवारी सात नव्हे, अठरा जण आले. सगळ्यांना सुट्टीच. मोहेल साडेनऊलाच हजर. जिना चढून धापा टाकत आले आणि आधी खालांना भेटायचं म्हणाले. खाला दारातच होत्या, नवीन ओढणी घेऊन. मोहेल हात जोडून म्हणाले, "बाई, तुमची साक्ष लागली या कामाला."

खाला लाजल्या. "कसली साक्ष? मी तं नमाजीत दुसरीकडं लक्ष दिला, त्याचा गुन्हाच हाय माझ्यावर."

"तो गुन्हा आम्हाला उपयोगी पडला," मोहेल म्हणाले.

रविवारी भिवंडीचे लूम चालू असतात. खालचा आवाज वर येऊन भांडीसुद्धा कुणकुणायची. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी खालांनी गॅलरीतून खाली हाक दिली आणि एकेक करून लूम थांबले. कारागीर जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले. बिहारकडचे, तेलंगणाकडचे, बनियनवर, कानांत कापूस. त्यांच्या जॉबरचा नातू बघायला.

आतून बाळाला पुरुषांच्या खोलीच्या दारापर्यंत एका बाईनं नेऊन द्यायचं असतं. मी ठाण्याच्या एका काकूंना सांगून ठेवलं होतं. मी नुकती विधवा झालेली, दोन मरणं घरात झालेली, मी कुठं पुढं होऊ? आपल्या धर्मात तसं काही लिहिलेलं नाही, पण गावाच्या हवेत जे असतं ते आपल्यालाही लागतंच. सुनेनं काकूंना हात जोडले आणि बाळ माझ्या हातात दिलं. "आई नेतील," म्हणाली. काकू दोन पावलं मागे सरल्या. वाद घालायला वेळ नव्हता, बाहेरून हाक आली होती.

मी नेलं. दहा पावलांचं अंतर. दारात व्याही हात पुढे करून उभे होते, त्यांच्या मांडीवर बाळाला ठेवायचं होतं. मी त्यांच्या हातात दिलं. पण माझी बोटं लगेच सुटेनात. व्याही हळूच म्हणाले, "द्या. मी धरलंय." मग सोडली.

मी दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिले. मोहेल मोठ्या आवाजात म्हणत होते, आणि लूम बंद असल्यामुळे एकेक शब्द ऐकू येत होता. मग बाळाचा टाहो. सून मागे माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतली. मग मनुकांच्या शरबतात बोट बुडवून बाळाच्या ओठांवर लावलं, आणि मोहेलनी नाव उच्चारलं. माझ्या मिस्टरांचं. त्या घरात ते नाव कोणी मोठ्यानं घेऊन पाच महिने होत आले होते. अठरा पुरुष एकदम "आमेन" म्हणाले. जिन्यावरून कोणीतरी "आमीन" म्हणालं.

बाळ काही केल्या थांबेना. सुनेनं पाजलं, मी थोपटलं, व्याह्यांनी फिरवलं. लाल होऊन रडतच होतं. मोहेल म्हणाले, "थोडं चालायचंच."

खाला म्हणाल्या, "त्याला दुखतंय ते एक, पन त्याला सुनं बी वाटतंय. पोटात असल्यापासून लूमवर झोपलेला पोर हाय तो." आणि गॅलरीत जाऊन खाली ओरडल्या, "चलाव रे!"

एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. जमीन हलायला लागली. बाळानं दोन हुंदके दिले, तोंड वेडंवाकडं केलं आणि माझ्या खांद्यावर मान टाकली.

ठाण्याची माणसं कानांवर हात ठेवून एकमेकांशी ओरडून बोलत होती. मलिद्याची ताटली फिरत होती. भिजवलेले पोहे, गूळ, नारळ, वेलची आणि वर फळं. मुलानं माझ्यापुढे ताटली धरली. जानेवारीपासून मी गोड तोंडात घातलं नव्हतं. कोणी म्हणालं नव्हतं घालू नको, पण माझं मीच बंद केलं होतं.

"घे," मुलगा म्हणाला. "मी धरू का त्याला?"

"नको, उठेल." बाळ एका खांद्यावर, म्हणून मी मोकळ्या हातानं एक घास घेतला. मग आणखी एक.

"नारळ कमी घातलाय," मी त्याला ओरडून सांगितलं.

"काय?"

"नारळ! कमी आहे!"

त्यानं हसून ताटली पुन्हा भरून आणली.